थंड वाळूत अनवाणी

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या डाइंगमागं,
बॉयलरच्या मॅनहोलमधून आत उतरायचं
तर चप्पल बाहेर.
देव नाही आत. पोटरीभर वाळू आहे,
वाळूखाली लोखंडी प्लेट,
प्लेटवर दोनशे सोळा नोझल,
एकेकाच्या टोपीखाली बारा बारीक भोकं.
मोजलीत मी. दोनदा.

आग नाही, कोळसा नाही, नुसता पंखा.
"सोडू का?" बाहेरून हुसेनी.
"सोड."

आधी काहीच होत नाही.
मग वाळूचं वजन आणि खालच्या वाऱ्याचा जोर
एका आकड्यावर येतात,
यू-नळीतलं पाणी चढता चढता थांबतं,
आणि मी जिच्यावर उभा होतो ती जमीन
जमीन राहत नाही.
हिप्परग्याच्या तलावात शिरावं
तसे पाय आत जातात,
फक्त ओले होत नाहीत.

मग चालायचं. हळू. भिंतीच्या कडेकडेनं.
डोळ्याला इथं काही दिसत नाही, सगळी धूळ;
पायाला कळतं.
इथं बरं आहे, बारीक बुडबुडे, तळव्याला गुदगुल्या.
इथं एकच मोठा फुगा उसळतो
आणि शेजारची वाळू झोपून जाते.
आणि पूर्वेच्या कोपऱ्यात, फीडरच्या बगलेत,
टणक.
पाऊल ठेवलं, ते ठेवलेलंच राहिलं.
भिंतीवर खडूनं फुली मारली.

हाच कोपरा.
गेल्या दिवाळीला शेठच्या मेव्हण्यानं
"पंखा उगं एवढं करंट खायलाय" म्हणत
भोकं मोठी करून घेतली, दोन एमएमची तीन.
अँपिअर उतरले. पेढे वाटले.
तीन आठवडे टिकलं ते सुख.

वाऱ्याला प्लेटनं अडवलंच नाही, तर तो
वाळू जिथं पातळ तिथूनच निघतो,
निघाला की तिथली वाळू आणखी पातळ होते,
म्हणून पुन्हा तिथूनच.
आमच्या गल्लीतल्या नळासारखं:
चार दिवसांनी पाणी,
व्हॉल्व्हजवळच्या पाच घरांचे हौद वाहून रस्त्यावर,
आणि टोकाला भूदेवीची घागर
नळातली नुसती फुसफुस ऐकत बसलेली.

कोपऱ्यात वाळू वितळून बसली होती.
पहारीनं फोडली: हिरवट-काळी काच,
तिच्या पोटात एक नोझल, टोपीसकट.
तो तुकडा माझ्या टेबलावर असतो,
बिलं उडू नयेत म्हणून.

नवी प्लेट आली तेव्हा वहीत लिहून ठेवलं:
वाळू जेवढा दाब खाते
त्याचा तिसरा हिस्सा तरी प्लेटनं खावा.
नायनांना वाचून दाखवलं.
मागावरून न उठता ते म्हणाले,
"यात नवीन काय बे?
फणी अडवती म्हणून तर धागा आपल्या घरातनं जातो.
एक काडी वाकू दे, अख्ख्या चादरीत रेघ."
मग जरा थांबून,
"पण तुझ्या वाळूत मोर उमटतो का?"
नाही म्हटलं.
"मग कसलं विणकाम," म्हणाले, आणि माग चालू केला.

पंखा बंद. फुलीखाली हातानं वाळू उकरली.
चार नोझल, राख आणि गंज कोंबल्यासारखे.
सायकलच्या आऱ्यानं एकेक भोक टोकरलं,
अठ्ठेचाळीस,
कंबर धरली, नाकात लोखंडाचा वास.
वाळू परत ओढली. "सोड."

पूर्वेला पाय गेला. आत, खोल, सहज.
हसलो की काय, धुळीत कुणी बघितलं नाही.
उलट फिरून पश्चिमेला आलो तर
इथं जरा घट्ट लागलं.
की मघाशीही असंच होतं,
आणि मी पूर्वेच्याच नादात होतो?

"पेटवू का?" हुसेनी विचारतो,
बाहेर टॉवेलचे गठ्ठे वाफेची वाट बघतायत,
शेठ दोनदा येऊन गेला.

"थांब," म्हणतो मी.
"अजून एक फेरी."